पुण्याच्या आकाशातील युग्मतारे : कॅप्टन जेकब यांचे वेध आणि वेधपरंपरेच्या सातत्याचा प्रश्न (१८४२ ते १९१२)

प्रस्तावना :

आपल्याकडे विवाहविधीत वधूवरांना सप्तर्षींतील वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अंधुक अरुंधती दाखविण्याची प्रथा आहे. दोन तारे एकमेकांच्या सोबतीने असतात ही कल्पना त्यामुळे मराठी घराला नवी नाही. परंतु अशा सोबतीचे मोजमाप करता येते, त्या मोजमापातून ताऱ्यांचे वस्तुमान काढता येते आणि न दिसणाऱ्या तिसऱ्या सोबत्याचा माग घेता येतो, हा विचार महाराष्ट्राच्या भूमीवर प्रत्यक्ष कृतीत उतरला तो एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात, पुणे येथे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील लष्करी अभियंता विल्यम स्टीफन जेकब (१८१३–१८६२) याने तेथे १८४२ मध्ये स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली आणि युग्मताऱ्यांच्या वेधांना वाहून घेतले.

महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाचा इतिहास लिहिताना राजकीय चळवळ, सामाजिक सुधारणा, शिक्षण आणि वृत्तपत्रे यांचा विचार विस्ताराने झाला आहे. त्या मानाने आधुनिक विज्ञानाच्या स्थानिक इतिहासाकडे आपले लक्ष कमी गेले. खगोलशास्त्राचा विषय निघाला की एकतर आर्यभट, भास्कराचार्य यांचा गौरव होतो किंवा एकदम विसाव्या शतकाच्या अखेरच्या भव्य दुर्बिणींकडे उडी घेतली जाते. मधला काळ कोरा राहतो. प्रस्तुत लेखात या मधल्या काळातील एका प्रकरणाचा विचार केला आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) जेकब यांच्या पुण्यातील युग्मतारा-वेधांचे स्वरूप समजून घेणे.
२) ‘७० भुजंगधारी’ या नारिंगी युग्मताऱ्याविषयी त्यांनी १८५५ मध्ये केलेल्या दाव्याची कारणमीमांसा करणे.
३) पुण्यातील वेधशाळा व्यक्तीबरोबरच का संपल्या आणि वेध मात्र का टिकले, याचा शोध घेणे.

यासाठी ऐतिहासिक व विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, खगोलशास्त्रीय माहिती इतिहासाच्या आकलनासाठी आवश्यक तेवढीच घेतली आहे.

युग्मतारा : संकल्पनेचा इतिहास

आकाशात जवळजवळ दिसणारे दोन तारे प्रत्यक्षात जवळ असतीलच असे नाही. एक तारा दुसऱ्याच्या कितीतरी मागे असूनही दृष्टीच्या एकाच रेषेत येऊ शकतो. असे आभासी जोड योगायोगाने दिसावेत त्याहून फार अधिक जोड आकाशात आढळतात, त्याअर्थी त्यांतील बरेचसे खरे असले पाहिजेत, असा गणिती युक्तिवाद जॉन मिचेल यांनी १७६७ मध्ये केला. विल्यम हर्शेल यांनी १७७९ पासून असे जोड शोधून त्यांच्या सूची केल्या. त्यांचा मूळ हेतू ताऱ्यांची अंतरे काढण्याचा होता. परंतु सुमारे दोन तपांनंतर तेच जोड पुन्हा पाहिले तेव्हा काही ताऱ्यांची परस्परसापेक्ष स्थिती बदललेली आढळली. १८०३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की हे तारे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असून परस्परांभोवती फिरतात. न्यूटनचा नियम सूर्यमालेबाहेरही चालतो, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होय. फेलिक्स सावारी यांनी १८२७ मध्ये अशा एका जोडाची कक्षा प्रथमच गणिताने निश्चित केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हर्शेल यांना हा शोध लागला तो अधिक सामर्थ्यवान दुर्बिणीमुळे नव्हे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे टाचण त्यांच्याजवळ जपलेले होते, म्हणून लागला. युग्मताऱ्याचा अभ्यास हा मुळातच दप्तर राखण्याचा अभ्यास आहे. ग्रहण एका दिवसात संपते, धूमकेतू काही महिन्यांत निघून जातो. परंतु युग्मताऱ्याची एक प्रदक्षिणा पूर्ण होण्यास अनेकदा माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ लागतो. एका वेधकर्त्याला त्या कक्षेचा केवळ एक तुकडा दिसतो. उरलेली कक्षा त्याच्या आधीच्यांनी पाहिलेली असते किंवा त्याच्या नंतरच्यांनी पाहावयाची असते.

जेकब यांची पुण्यातील वेधशाळा

जेकब यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८१३ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील वुलाव्हिंग्टन या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. अॅडिसकोम येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात व नंतर चॅटम येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते १८३१ मध्ये मुंबईस आले. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात त्यांनी काही वर्षे काम केले. कोन अचूक मोजणे, मोजलेले पुन्हा मोजणे आणि प्रत्येक मोजणीतील संभाव्य चुकीचा अंदाज बांधणे, हे सर्वेक्षणातील कामाचे मर्म असते. युग्मताऱ्यांच्या वेधांस हीच शिस्त लागते. जमिनीची मोजणी करणारा अधिकारी आकाशाच्या मोजणीकडे वळला, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

१८४२ मध्ये त्यांनी पुण्यास वेधशाळा स्थापन केली. पुढील वर्षी रजेवर इंग्लंडला जाऊन ते १८४५ मध्ये परतले आणि पुढे कॅप्टन हुद्द्यावर पोहोचल्यानंतर विज्ञानाच्या अभ्यासासाठी त्यांनी लष्करी सेवा सोडली. या काळात पुण्यात घेतलेल्या वेधांवर आधारित अशी २४४ युग्मताऱ्यांची सूची त्यांनी लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे ठेवली. वृश्चिक राशीतील ‘न्यू’ या ताऱ्याच्या जोडात प्रत्यक्षात तिसराही तारा आहे, ही गोष्ट १८४७ मध्ये त्यांच्या नजरेस आली. डॉलंड बनावटीची, पाच फूट नाभ्यंतराची त्यांची दुर्बीण त्या काळच्या युरोपीय वेधशाळांच्या मानाने लहानच होती.

लहान दुर्बिणीने एवढे काम होऊ शकले याचे एक कारण पुण्याच्या स्थानात आहे. पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर. नरतुरंग समूहातील ‘अल्फा सेंटॉरी’ हा सूर्याला सर्वांत जवळचा युग्मतारा लंडनहून कधीच दिसत नाही. पुण्याहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम दहा-अकरा अंश चढतो. आपल्या नाशिकहून तो त्याहूनही थोडा खाली, परंतु स्वच्छ रात्री दिसू शकतो. याउलट विषुववृत्ताजवळचे तारे येथे डोक्याच्या दिशेने उंच जातात. पुढे ज्याचा विचार करावयाचा आहे तो ७० भुजंगधारी हा तारा ग्रिनिच येथे फार तर ४१ अंश उंचीवर येतो, तर पुण्यास तो सुमारे ७४ अंशांपर्यंत चढतो. तारा जितका उंच तितका मधला हवेचा थर कमी आणि प्रतिमा तितकी स्थिर. युग्मताऱ्यांच्या बाबतीत हा लाभ निर्णायक ठरतो.

परंतु याच स्थानाची एक अडचणही होती. भुजंगधारी समूह मध्यरात्री माथ्यावर येतो तो जूनअखेरीस, म्हणजे नेमका मोसमी पावसाच्या तोंडावर. त्यामुळे पुण्यातील वेधकर्त्याला तो फेब्रुवारी ते मे या महिन्यांत उत्तररात्री व पहाटे, किंवा पावसाळा सरल्यावर सायंकाळी पश्चिमेकडे कलताना गाठावा लागतो.

वेध घेण्याची रीत पुढीलप्रमाणे होती. दुर्बिणीच्या नेत्रिकेत कोळ्याच्या जाळ्याचे अतिसूक्ष्म तंतू ताणलेले असत. एक तंतू एका ताऱ्यावर व दुसरा दुसऱ्यावर आणून स्क्रूच्या फेऱ्यांवरून दोहोंतील अंतर मोजावयाचे आणि दोहोंना जोडणारी रेषा उत्तर दिशेशी किती कोन करते ते वर्तुळपट्टीवर वाचावयाचे. अंतर विकलांत, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागात मोजले जाई. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे सुमारे पाच किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढी एक विकला. ७० भुजंगधारीतील दोन ताऱ्यांमधील अंतर कक्षेच्या निरनिराळ्या भागांत सुमारे दीड ते पावणेसात विकलांच्या दरम्यान बदलत राहते. एवढ्या बारीक मोजणीत हवेचा कंप, तंतूची जाडी, डोळ्याची सवय, यांपैकी कशानेही दशांश विकलेचा फरक पडू शकतो.

७० भुजंगधारी : एक दावा आणि त्याचे निराकरण

डिसेंबर १८४८ मध्ये जेकब मद्रास वेधशाळेचे संचालक झाले. चिंतामणी रघुनाथाचारी हे त्या वेधशाळेतील भारतीय साहाय्यक होते. पुढे १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याच्या शोधाचे श्रेय त्यांच्या नावे नोंदले गेले. मद्रासला गेल्यावरही जेकब यांनी युग्मताऱ्यांचा पाठपुरावा सोडला नाही. १८५५ मध्ये त्यांनी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तांतात ७० भुजंगधारीच्या गतीतील विसंगतींविषयी एक टिपण प्रसिद्ध केले.

हा तारा साध्या डोळ्यांना चौथ्या प्रतीचा, अंधुक दिसतो. नाशिक शहरातून तर आज दिव्यांच्या झगमगाटात तो शोधूनच काढावा लागतो. दुर्बिणीतून त्याचे दोन घटक दिसतात आणि दोघांचाही वर्ण नारिंगीकडे झुकणारा आहे. अंतर सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षे. हर्शेल यांनी १७७९ मध्ये त्याची जोड म्हणून नोंद केली होती. जेकब यांना असे आढळले की, उपलब्ध वेधांतून काढलेली कोणतीही लंबवर्तुळाकार कक्षा सर्व वेधांशी जुळत नाही. गणिताने येणारे स्थान आणि प्रत्यक्ष मोजलेले स्थान यांतील तफावत एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला अशी ठराविक क्रमाने झुकते. त्यावरून, या जोडात न दिसणारा ग्रहसदृश पदार्थ असण्याचा संभव मोठा आहे, असे अनुमान त्यांनी मांडले. सूर्यमालेबाहेरील ग्रहाविषयी प्रत्यक्ष वेधांच्या आधारे केलेल्या सर्वांत जुन्या दाव्यांमध्ये याची गणना होते.

हा दावा त्या काळाच्या संदर्भात पाहिला पाहिजे. व्याध आणि प्रश्वा या ताऱ्यांच्या गतीतील डोलण्यावरून त्यांना अदृश्य सोबती असले पाहिजेत, असे बेसेल यांनी १८४४ मध्ये जाहीर केले होते. १८४६ मध्ये युरेनसच्या गतीतील तफावतीवरून लव्हेरिए यांनी वर्तविलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला. ‘गतीत विसंगती आढळली तर अदृश्य पदार्थ शोधावा’ हा त्या पिढीचा सर्वांत यशस्वी मंत्र होता. जेकब यांनी तोच वापरला. विशेष म्हणजे व्याधाचा सोबती प्रत्यक्ष दिसला तो जानेवारी १८६२ मध्ये, जेकब यांच्या मृत्यूच्याच वर्षी. एकाच प्रकारचे अनुमान एका ताऱ्याच्या बाबतीत खरे ठरले आणि दुसऱ्याच्या बाबतीत नाही.

मग जेकब यांचे चुकले कोठे? ७० भुजंगधारीचा प्रदक्षिणाकाल सुमारे ८८ वर्षे आहे, हे आज निश्चित झाले आहे. १७७९ पासून १८५५ पर्यंत ७६ वर्षेच होतात. म्हणजे दावा केला गेला तेव्हा या जोडाची एकही प्रदक्षिणा माणसाने पूर्ण पाहिलेली नव्हती. कक्षेचा काही भाग हर्शेल यांच्या मोजक्या वेधांवर, काही भाग युरोपातील निरनिराळ्या वेधकर्त्यांच्या मोजण्यांवर आणि काही भाग स्वतः जेकब यांच्या वेधांवर उभा होता. प्रत्येक वेधकर्त्याच्या डोळ्याचा व उपकरणाचा स्वतःचा असा कल असतो. निरनिराळ्या हातांच्या मोजण्या एकत्र जोडल्या की ते कलच एखाद्या ठराविक क्रमाच्या डोलण्यासारखे भासू शकतात.

हा वाद पुढेही चालू राहिला. अमेरिकेतील टी. जे. जे. सी यांनी १८९६ मध्ये याच ताऱ्याविषयी पुन्हा अदृश्य सोबत्याचा दावा केला. अशी त्रिकुटी स्थिर राहूच शकत नाही, हे मोल्टन यांनी १८९९ मध्ये गणिताने दाखवून दिले. १९४३ मध्ये रॉयल व होल्मबर्ग यांनी छायाचित्रांच्या आधारे तिसऱ्यांदा दावा केला. हाइन्ट्झ यांनी १९८८ मध्ये तो नाकारला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णपटीय निरीक्षणांतही तेथे मोठा ग्रह आढळला नाही. दीडशे वर्षांच्या या कालावधीत दावे आले आणि गेले. परंतु दावा मांडणारे असोत वा खोडणारे, त्यांची सामग्री पूर्वीच्या वेधांच्या साठ्यातूनच वाढत गेली आणि त्या साठ्यात पुण्याच्या आकाशाचाही वाटा होता. जेकब यांचे अनुमान चुकले, त्यांचे वेध मात्र टिकले. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांचे मूल्यमापन करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे.

समकालीन मराठी ज्योतिर्विद्या

जेकब पुण्यात वेध घेत होते त्याच सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एक मराठी तरुण साहाय्यक म्हणून काम करीत होता. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) हे त्याचे नाव. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून केरूनाना विख्यात झाले. त्यांचा ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले.

या पंचांगाने एक मोठा वाद उभा केला. राशिचक्राचा आरंभ कोठून मानावा? छत्र्यांनी रेवती नक्षत्राची योगतारा म्हणून मीन राशीतील ‘झीटा’ हा तारा आरंभबिंदू धरला. पुढे लोकमान्य टिळकांनीही हाच पक्ष उचलून धरला. चित्रा तारा प्रमाण मानणारा दुसरा पक्ष उभा राहिला. दोहोंच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो आणि त्यामुळे काही वर्षी अधिक मास, सण व संक्रांती यांच्या तारखा वेगळ्या येतात.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या ताऱ्यावर महाराष्ट्राने आपले पंचांग टेकविले तो रेवतीचा तारा पाचव्या प्रतीचा, अंधुक असून दुर्बिणीतून पाहता तो स्वतःच एक युग्मतारा आहे. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना त्या ताऱ्याचे स्थान हवे होते. त्याला सोबती आहे की नाही, तो फिरतो की नाही, याच्याशी पंचांगाला कर्तव्य नव्हते. जेकब यांचा प्रश्न नेमका उलट होता. त्यांना ताऱ्याच्या स्थानातील बदल हवा होता. एकाच आकाशाकडे दोन परंपरा पाहत होत्या, परंतु त्यांचे प्रश्न भिन्न होते.

तथापि एका बाबतीत पंचांगाची परंपरा वरचढ ठरते, हे मान्य केले पाहिजे. छत्रे गेले, पटवर्धन गेले. परंतु त्या पक्षाचे पंचांग पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवले. समाजाला त्याची दरवर्षी गरज होती. जेकब यांच्या वेधशाळेची गरज मात्र एका माणसालाच होती.

वेधशाळेचा अंत : दोन उदाहरणे

जेकब यांनी १८५९ मध्ये मद्रास वेधशाळेचा राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी एक योजना पुढे मांडली. पुण्याच्या परिसरातील डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट उंचीवर, वेधशाळा उभारावयाची. दाट व धुळकट हवेच्या वर जाऊन वेध घेतल्यास प्रतिमा किती सुधारते, हे पिआझी स्मिथ यांनी १८५६ मध्ये टेनेरिफ बेटावरील पर्वतावर दाखवून दिले होते. पर्वतीय वेधशाळा ही कल्पना त्या काळी नवी होती आणि सह्याद्रीला त्यात स्थान मिळणार होते. ब्रिटिश संसदेने १८६२ मध्ये या कामी १,००० पौंड मंजूर केले. जेकब यांनी नऊ इंची भिंगाची दुर्बीण स्वतः खरेदी केली आणि तीन वर्षे काम करण्याचे मान्य केले. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईस उतरले, ऐन पावसाळ्यात पुण्यास पोहोचले आणि १६ ऑगस्ट रोजी तेथेच निधन पावले. त्यांचे वय अवघे ४८ होते. आठ दिवसांत योजनेचा शेवट झाला, कारण योजना म्हणजे जेकब हेच समीकरण होते.

दुसरे उदाहरण महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे. भावनगरच्या महाराजांनी दिलेली ५,००० रुपयांची देणगी आणि तेवढीच सरकारी रक्कम यांतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढील अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ मध्ये ही वेधशाळा सुरू झाली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे संचालक होते. तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या वेळी भारतातील सर्वांत मोठी होती. वर्णपटविज्ञानाला वाहिलेली ही वेधशाळा होती. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील प्रमुख रेषा ठळक व रेखीव आहे, हे नायगमवाला यांनी दाखवून नॉर्मन लॉक्यर यांच्यासारख्या दिग्गजाच्या मताला छेद दिला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे घेतले. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्यासरशी वेधशाळाही बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडईकनालला रवाना झाली.

पहिली वेधशाळा खाजगी, दुसरी संस्थात्मक. पहिली एका इंग्रजाची, दुसरी एका भारतीयाची. पहिलीचा शेवट मृत्यूने झाला, दुसरीचा सेवानिवृत्तीने. तरीही शेवटाचे स्वरूप एकच आहे. महाविद्यालयाच्या आवारात इमारत, उपकरणे व अनुदान असूनही ते काम पुढे नेणारा दुसरा माणूस तयार केला गेला नाही. वसाहतकालीन शासनाला विज्ञानात स्वारस्य होते ते सर्वेक्षण, हवामान, सूर्यनिरीक्षण अशा उपयोगाच्या शाखांत. विद्यार्थ्यांतून संशोधक घडविणे हा त्याच्या धोरणाचा गाभा नव्हता. वेधशाळांच्या अल्पायुष्याचे हे एक महत्त्वाचे कारण मानावे लागते.

नारिंगी राक्षसी तारा आणि जेकब यांच्या प्रश्नाचे उत्तर

नायगमवाला ज्या शास्त्राचे उपासक होते त्या वर्णपटविज्ञानानेच पुढे ताऱ्यांचा खरा परिचय करून दिला. वर्णावरून तारा ओळखणे फसवे असते. स्वाती आणि रोहिणी नारिंगी दिसतात आणि ७० भुजंगधारीचे घटकही नारिंगी आहेत. परंतु स्वातीचा व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट आणि रोहिणीचा ४० पटींहून अधिक. ७० भुजंगधारीचे दोन्ही घटक सूर्याहून लहान. पहिल्यांना राक्षसी तारे व दुसऱ्यांना बटू तारे म्हणतात. हा भेद विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हर्ट्‌झस्प्रुंग आणि रसेल यांच्या कार्यातून स्पष्ट झाला. वर्णपटातील रेषांच्या सूक्ष्म सरकण्यावरून ताऱ्याची आपल्या दिशेने अथवा विरुद्ध दिशेने होणारी गतीही मोजता येऊ लागली.

याच पद्धतीने जेकब यांच्या प्रश्नाला शेवटी होकारार्थी उत्तर मिळाले, मात्र दुसऱ्या ताऱ्याच्या बाबतीत. उत्तरेकडील वृषपर्वा समूहातील ‘गॅमा सेफी’ हा युग्मतारा आहे. त्याचा प्रमुख घटक राक्षसी अवस्थेकडे झुकलेला नारिंगी तारा, तर सोबती इतका अंधुक की तो प्रमुख ताऱ्याच्या प्रकाशात बुडून जातो. या ताऱ्याला ग्रह असावा अशी शंका १९८८ मध्ये कॅनडातील संशोधकांनी व्यक्त केली. १९९२ मध्ये त्याच गटाने, हा ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागाचा परिणाम असू शकतो असे म्हणून माघार घेतली. त्यानंतरही वेध चालू राहिले आणि जुने-नवे वेध एकत्र करून २००२–०३ मध्ये सुमारे अडीच वर्षांत प्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्या ग्रहाचे अस्तित्व सिद्ध झाले.

म्हणजे युग्मताऱ्यात ग्रह असू शकतो ही जेकब यांची कल्पना मुळात चुकीची नव्हती. गॅमा सेफीच्या बाबतीत शंका, माघार आणि सिद्धी हे तिन्ही टप्पे दोन दशकांच्या आत पार पडले. संशोधकांची संख्या, उपकरणांचे सातत्य आणि नोंदींची देवाणघेवाण या तिन्ही गोष्टी तेथे उपलब्ध होत्या. १८५५ च्या मद्रासला आणि १८६२ च्या पुण्याला त्या उपलब्ध नव्हत्या.

निष्कर्ष :

१) जेकब यांच्या पुण्यातील वेधांमुळे महाराष्ट्राचा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युग्मताऱ्यांच्या जागतिक अभ्यासाशी जोडला गेला. स्थानिक विज्ञानेतिहासात या घटनेची नोंद होणे आवश्यक आहे.

२) १८५५ चा दावा हा त्या काळातील मान्य पद्धतीचा प्रामाणिक वापर होता. एक प्रदक्षिणाही पूर्ण पाहिलेली नसताना निरनिराळ्या हातांच्या मोजण्यांवर ठेवलेला अतिरिक्त विश्वास हे त्याच्या फसण्याचे मुख्य कारण दिसते.

३) पुणे व मद्रास मिळून जेकब यांचा वेधकाल सोळा-सतरा वर्षांचा, म्हणजे ७० भुजंगधारीच्या एका प्रदक्षिणेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ज्या विषयाला अनेक पिढ्यांची गरज असते, तो विषय व्यक्तिनिष्ठ वेधशाळा पेलू शकत नाही.

४) वेधशाळा नष्ट झाल्या तरी वेध टिकले, कारण ते एका चालू राहणाऱ्या संस्थेच्या प्रकाशनात वेळीच जमा झाले होते.

आज पुणे–नाशिक मार्गावरून प्रवास करताना नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे आणि घोडेगावच्या बाजूला गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झालेली दोन मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण आहे. जेकब यांनी ज्या डोंगराळ प्रदेशाचे स्वप्न पाहिले त्याच प्रदेशात, दीड शतकानंतर, स्वतंत्र भारताच्या संस्थांनी ते वेगळ्या रूपात साकार केले. या संस्था एका व्यक्तीच्या आयुष्यावर अवलंबून नाहीत, हे त्यांचे खरे बळ होय.

परंतु हा प्रश्न मोठ्या संस्थांपुरता नाही. प्रस्तुत लेखक विद्यार्थी असताना एका महाविद्यालयात भूगोलाचे एक प्राध्यापक रोजचा पाऊस व तापमान स्वतःच्या हाताने नोंदवीत असत. त्या वह्यांचे गठ्ठे कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेले आम्ही पाहिले होते. ते निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी चौकशी केली असता, विभागाच्या साफसफाईत ते गठ्ठे रद्दीत गेल्याचे समजले. त्या वह्यांत कोणता मोठा शोध दडला होता असे नाही. परंतु जेकब यांच्या २४४ ताऱ्यांच्या सूचीतही त्या दिवशी कोणता शोध नव्हता. तिचे मोल पुढच्यांनी ठरविले. आपापल्या विभागातील नोंदवह्या, नमुने व मोजण्या ग्रंथालयात रीतसर जमा करणे आणि त्या पुढे चालविणारा एक तरी विद्यार्थी तयार करणे, हे काम कोणत्याही अनुदानाशिवाय होण्यासारखे आहे. ७० भुजंगधारीची सध्याची प्रदक्षिणा, १७७९ पासून मोजता तिसरी, २०४३ च्या सुमारास पूर्ण होईल. त्या वेळी आजचे बहुतेक अध्यापक सेवेत नसतील. त्यांनी ठेवलेल्या नोंदी मात्र असू शकतील.